अण्णांची निळी आंघोळ

माझे सासरे एकदा निळे झाले होते.

तसे अगदी पूर्ण नाही. डोक्यापासून मिशीपर्यंत ठळक आणि तिथून खाली फिकट होत गेलेले. (गुडघ्यांना फारसं काही झालं नाही, असं त्यांनीच सांगितलं. मी तपासायला गेलो नाही!) पण तो दिवस नेमका माझ्या मेहुणीच्या साखरपुड्याचा होता, म्हणजे अण्णा मुलीचे वडील होते. आणि ते निळे झाले आमच्या पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये, मी जातीने थर्मामीटर लावून तयार केलेल्या पाण्यात!

मी चाकणच्या एका कंपनीत भट्टीवर आहे. लोखंडी पार्ट लालबुंद तापवायचे आणि ठरल्या डिग्रीला बाहेर काढायचे, हे माझं काम. त्यामुळे तापमान या विषयावर घरात दुसऱ्या कुणी तोंड उघडलेलं मला खपत नाही. असा माणूस घरी पाच फुटी फिशटँक आणतो आणि ऐन थंडीत त्यात गच्चीवरच्या टाकीचं गारढोण पाणी सोडतो, हे मलाही नंतर खरं वाटेना. पाणी बदलल्या बदलल्या आमचे चारही ऑस्कर मासे तळाशी जाऊन आडवे झाले. दोन दिवसांनी त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले.

"मासे गारठले तुमचे, भाऊ," काळेवाडीचा मासेवाला म्हणाला. "टाकीतलं पाणी जेवढं कोमट, तेवढंच कोमट पाणी वरून घालायचं. अठ्ठावीस डिग्री. आणि हे निळं औषध. थेंब थेंब हां, राव! बाटली नाय ओतायची."

साखरपुडा दुपारी चिंचवडच्या हॉलमध्ये होता आणि त्यानंतर नवऱ्या मुलाकडचे आमच्याकडे चहाला येणार होते. आजारी मासे पाहुण्यांना कसे दाखवायचे? आमच्याकडेच उतरलेल्या सासूबाई आणि मेहुणी पार्लरला गेल्या, अण्णा फिरायला गेले आणि मी बाह्या सरसावल्या.

"अहो, आज नका हं काही काढू," माझी बायको वर्षा साडीला इस्त्री करता करता म्हणाली.

"पंधरा मिनिटांचं काम आहे!"

"तुमचं पंधरा मिनिटांचं काम मागच्या वेळी रविवार खाऊन गेलं होतं."

मी पाइप लावून माशांच्या टाकीतलं निम्मं पाणी बाहेर काढलं. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी, म्हणून बाथरूममध्ये एक भलामोठा ड्रम असतो. त्यात गिझरचं गरम पाणी सोडलं. छत्तीस! थंड ओतलं. चोवीस! गरम ओतलं. एकतीस! थंड ओतलं. असं करता करता गिझर रिकामा झाला आणि ड्रम काठोकाठ भरला. पण काटा बरोब्बर अठ्ठावीसवर आला. मला भरून आलं. इतकं अचूक काम मी कंपनीतसुद्धा केलेलं नाही.

मग औषध. मासेवाल्याने सांगितलं होतं, तसा मी एकेक थेंबच टाकत होतो. पण बाटलीचं टोपण ड्रममध्ये पडलं आणि त्याच्या मागोमाग सगळं औषधही. मी आत डोकावलो. पाणी निळं दिसेना. दिसणार कसं? ड्रमच निळा होता!

तेवढ्यात कंपनीतून फोन आला. भट्टी तापत नव्हती. मी बाल्कनीत जाऊन ओरडत होतो, "अरे, आधी सेटिंग बघ! मशिनकडे लक्ष नसतं तुमचं!" आणि त्याच वेळी अण्णा फिरून आले.

अण्णा म्हणजे परभणीचे निवृत्त कवायतीचे मास्तर. सहा फूट उंची, पांढरेशुभ्र केस आणि झुबकेदार पांढरी मिशी. चष्मा टेबलावर काढून ठेवून ते थेट आंघोळीला गेले. आतून आवाज आला, "जावईबापू, पाणी लै बेस काढून ठेवलंय!"

"हो, हो!" मी म्हणालो. मला वाटलं, ते माझं कौतुक करताहेत. (म्हणजे, करतच होते.)

फोन ठेवला आणि ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. मी धावलो. दार उघडलं. समोर अण्णा उभे. केस आकाशासारखे, मिशी शाईसारखी, आणि पांढरा पंचा आता पांढरा राहिला नव्हता.

"काय बघायलाव?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही... प्रसन्न दिसताय."

मागून वर्षाने किंकाळी फोडली. तिच्या हातातली इस्त्री वाचली, साडी वाचली नाही.

त्या किंकाळीने मी दचकलो आणि मला आठवलं, टाकीतला काचेचा हीटर चालूच आहे! पाणी निम्मं काढल्यामुळे तो उघडा पडून तापत होता. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. मी बादलीभर गार पाणी टाकलं.

फट्!

हीटर फुटला आणि घरभर लाइट गेली. गिझर बंद. टाकीत निम्मं गार पाणी, त्यात चार मासे आडवे. बाहेर सासरे उभे, पण निळे. दोघांनाही ताबडतोब कोमट पाणी हवं! मी मेन स्विचचा खटका वर करायचो, तो खाली पडायचा.

"अहो, हीटरचा प्लग काढा की आधी!" वर्षा ओरडली आणि तिनेच काढला. लाइट आली, पण रिकामा गिझर तापणार कधी?

आमच्या बिल्डिंगच्या मागे आक्कांचं घर आहे. मूळ गावातल्या. त्यांची शेतं बिल्डिंगांखाली गेली, तरी अंगणातला तांब्याचा बंब अजून रोज पेटतो. किंकाळी ऐकून त्या जिना चढून आल्या आणि अण्णांना बघून दारातच थबकल्या.

"आगं बया! ह्ये कवापासून असं हाय?"

"आत्ताच झालंय, आक्का. गरम पाणी आहे का?"

"हाय की बंबभर. पर आधी कुनाला द्यायचं? पाव्हण्यांस्नी का माशांस्नी?"

मी अण्णांकडे बघेना.

"आधी मासे," अण्णा म्हणाले. "मी मरत नाही रंगानं."

आणि मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. चष्मा चढवला, थर्मामीटर हातात घेतला आणि ते पंच्यावरच टाकीशेजारी उभे राहिले. मी आणि आक्का बादल्या आणायचो आणि ते हुकूम सोडायचे, "गरम, पुढं चल! गार, मागं हट! अठ्ठावीस! थांब! जावईबापू, थांब म्हणलं की थांबायचं!"

मासे एकेक करून सरळ झाले. आक्कांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू येत होतं. ते आनंदाने का आणखी कशाने, हे ठरवायला वेळ नव्हता.

उरलेल्या पाण्यात अण्णांना बेसन, लिंबू आणि शेवटी भांड्यांचा साबण लावून झाला. चेहरा माणसात आला. केसांवर फेटा बांधला. मिशी मात्र जशीच्या तशी!

"काढून टाकूया का?" मी हळूच विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गाडीची किल्ली शोधायला निघून गेलो.

हॉलमध्ये नवऱ्या मुलाचे वडील दारातच उभे होते. न हसणारे गृहस्थ, अशी त्यांची ख्याती. त्यांनी नमस्कार केला, मिशीकडे बघितलं, पुन्हा बघितलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मेहुणी माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत माझं पुढचं सगळं आयुष्य मला दिसलं.

"व्याही," ते शेवटी म्हणाले, "मिशीला काय झालं?"

"माशांच्या औषधानं आंघोळ केली," अण्णा शांतपणे म्हणाले. "जावयानं काढलं होतं पाणी."

"बरं... मग? फरक पडला का?"

"पाणी लै बेस होतं."

आणि तो न हसणारा माणूस असा हसायला लागला, की त्याला धरून खुर्चीवर बसवावं लागलं. पाणी प्यायला दिलं, तर म्हणे, "हे कुणी काढलंय?" आणि पुन्हा हसायला लागला. साखरपुडा झकास झाला. संध्याकाळी मंडळी चहाला आली, तेव्हा मासे काचेला नाक लावून खायला मागत होते.

महिन्याने अल्बम आला. फोटोग्राफरने अण्णांची मिशी कॉम्प्युटरवर पांढरी करून दिली होती. त्यासाठी त्याने सगळ्या फोटोंमधून निळा रंगच काढून टाकला होता. मी त्या दिवशी निळा कुर्ता घातला होता आणि मागचा पडदा पांढरा होता! त्यामुळे प्रत्येक फोटोत अण्णा रुबाबात उभे आहेत आणि त्यांच्या शेजारी हवेत एक नुसतं मुंडकं हसतंय.

वर्षाने तो अल्बम सगळ्या नातेवाइकांना दाखवला. "हे आमचे हे," ती सांगते. "फोटोत फक्त डोकं आलंय. त्या दिवशी नेमकं तेवढंच जागेवर नव्हतं."