अंजली खोब्रागडेने ओढायला नाही म्हटलेली कॅराव्हॅन

सिंगापूरजवळच्या जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये अंजली खोब्रागडे कामाचे परवाने देत असे. वेल्डिंग असो, टाकीत माणूस उतरवायचा असो की नुसता एक पाइप उघडायचा असो, तिची सही झाल्याशिवाय पान्याला हात लावायची सोय नव्हती. आणि सही करण्याआधी ती स्वतः जागेवर जाऊन बघायची. त्यामुळे कंत्राटदारांच्या सुपरवायझरांना ती डोळ्यांसमोर नको असे. "ही बाई आली की अर्धा दिवस गेला," असं ते तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत. अकरा वर्षांत तिच्या सहीच्या कामावर कुणी भाजलं नव्हतं. त्याबद्दल कुणी आभार मानल्याचंही तिला आठवत नव्हतं.

तिचे वडील दादाराव चंद्रपूरकडे कोळशाच्या ट्रेलरवर ड्रायव्हर होते. घरात मुलगा नव्हता म्हणून नव्हे, तर ही पोरगी हट्टीच होती म्हणून, त्यांनी तिला सोळाव्या वर्षी मोकळ्या मैदानात ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घ्यायला शिकवलं होतं. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे. हे एकदा हातात बसलं की जात नाही.

म्हणूनच २०१६च्या मार्चमध्ये श्रीनिवास देवने ऑस्ट्रेलियाची सहल काढली, तेव्हा त्याला सगळ्यांत आधी अंजलीची आठवण झाली.

श्रीनिवास हा अंजलीच्या नवऱ्याचा, नागसेनचा, वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसातला प्रोजेक्ट हेड. मूळचा पुण्याचा, दाट मिशीचा, बोलका, हसरा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोरच्याने मान डोलवावी अशी अपेक्षा असणारा. जूनच्या सुट्टीत ॲडलेडला उतरायचं, मोठी गाडी आणि मागे जोडायची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायची आणि उत्तरेला वाळवंटात शिरायचं, असा त्याचा बेत होता. तो आणि त्याची बायको स्मिता, नागसेन, अंजली आणि त्यांची तेरा वर्षांची चैत्राली. "वहिनी ओढतील, मी रस्ता दाखवीन," असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. अंजलीला आधी आनंदच झाला. सिंगापूरमध्ये तिला गाडी चालवायलाही मिळत नव्हती, ट्रेलर तर दूरच.

नकाशा बघितल्यावर मात्र तिचा आनंद जरा ओसरला. श्रीनिवासने आखलेल्या वाटेतला दोनशे तीस किलोमीटरचा तुकडा डांबरी नव्हता. लाल मातीचा कच्चा रस्ता, मधे एकही गाव नाही.

ती चौकशीला लागली. सकाळी सहा चाळीसला तिच्या घराजवळून, बुकित बातोकहून, कंपनीची बस निघायची. त्या बसमध्ये बसून ती रोज तिथल्या सरकारी रस्त्यांचं पान उघडायची. प्रत्येक कच्च्या रस्त्यापुढे एक रंग आणि एक ओळ असायची: उघडा, जपून, फक्त फोर-व्हील, बंद. मे महिन्यात पंधरा दिवसांत त्या तुकड्याचा रंग तीनदा बदलला. मग तिने त्या वाटेवरच्या रोडहाऊसचा नंबर शोधून काढला. पेट्रोल, जेवण आणि मुक्काम एकाच छपराखाली देणारी ती जागा. प्लांटच्या आत फोन नेता यायचा नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत गेटवरच्या लॉकरमधून फोन काढून, कँटीनच्या मागे उभं राहून तिने फोन लावला.

पलीकडे एक म्हातारी बाई होती. तिला कुणी सिंगापूरहून रस्ता विचारतंय याची गंमत वाटली, पण उत्तर तिने नीट दिलं. कोरडं असेल तर जीप आरामात जाते, म्हणाली. कॅराव्हॅन मागे असेल तर रस्त्यावर पत्र्यासारख्या लाटा आहेत, त्या चाकांचे नट ढिले करतात. आणि पाऊस पडला तर ती माती साबण होते. "दहा मिलिमीटर पुरतो," ती म्हणाली. "मागच्या वर्षी एक कॅराव्हॅन तीन आठवडे तिथेच उभी होती. निघायच्या दिवशी सकाळी मला पुन्हा फोन कर, आणि मी नाही म्हटलं तर येऊ नकोस."

अंजलीने हे सगळं लिहून घेतलं. शिवाय कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्या कंपनीला एक ईमेल केला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: कॅराव्हॅन कच्च्या रस्त्यावर नेता येणार नाही. श्रीयुत देव यांना हे मार्चमध्येच कळवलं आहे आणि त्यांनी ते मान्य करून सही केलेली आहे.

तिने ती ओळ दोनदा वाचली. श्रीनिवासने एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "कंपनीशी बोललोय मी. काही प्रॉब्लेम नाही."

रविवारी दुपारी देव मंडळी बुकित बातोकला जेवायला आली. जेवण झाल्यावर अंजलीने नकाशा टेबलावर पसरला.

"या तुकड्याऐवजी आपण डांबरी रस्त्याने जाऊ या," ती म्हणाली. "एक दिवस जास्त लागेल. बाकी काही चुकत नाही."

"वहिनी, मजा त्या तुकड्यातच आहे," श्रीनिवास हसला. "डांबरावर फिरायचं तर इथे पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला जाऊ की."

"कॅराव्हॅन तिथे न्यायला परवानगी नाही."

"आहे. मी बोललोय."

"मला त्यांचा ईमेल आलाय. तुम्ही सही केलीत तसं लिहिलंय त्यात."

श्रीनिवासचं हसू क्षणभर तसंच राहिलं, मग गेलं. "तुम्ही माझ्या मागे त्यांना ईमेल केलात?"

"गाडी मी ओढणार आहे. मला विचारायलाच हवं होतं."

"सगळे नेतात हो! कोण बघायला येतंय वाळवंटात? हे भाड्याने देणारे स्वतःला जपायला लिहितात सगळं." त्याचा आवाज चढला. "तुमचं ते परवान्याचं डोकं प्लांटमध्ये ठेवून या जरा."

"बरं. पण मी त्या रस्त्याने ओढणार नाही."

श्रीनिवासने खुर्ची मागे सरकवली. नागसेनकडे बघून, अंजलीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "बरोबर आहे म्हणा. ज्यांना आयुष्यात सगळं कागदावरच मिळालं, त्यांना कागदाचा आदर जास्त असणारच."

स्मिता रिकाम्या वाट्या एकात एक ठेवू लागली. चैत्रालीने फोनमधून मान वर केली. "What does he mean, Ma?" तिने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

अंजलीला कळलं होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून ती जातीच्या दाखल्यावरचं हे वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत ऐकत आली होती. तिला वाटलं, आता नागसेन बोलेल. तिने त्याच्याकडे पाहिलं. नागसेन नकाशाची घडी घालत होता, अगदी कडेला कड जुळवून.

"श्रीनिवास, तुम्ही निघा आता," अंजली म्हणाली.

तो गेला, पण जाता जाता म्हणाला, "नागसेन, तू येणार आहेस ना? की तुलाही सही लागते?"

त्या संध्याकाळी नागसेन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "माझ्या वर्क पासचं रिन्युअल ऑगस्टमध्ये आहे," तो म्हणाला. "शिफारस त्याची लागते. आत्ता वाकडं घेऊन कसं चालेल?"

"तो काय म्हणाला ते ऐकलंस तू."

"ऐकलं. अशा माणसांकडे दुर्लक्ष करायचं असतं."

"दुर्लक्ष कर. पण त्याच्या गाडीत बसू नकोस."

नागसेन गेला. तो, श्रीनिवास आणि स्मिता, तिघंच. कॅराव्हॅन श्रीनिवास ओढणार होता. भाड्याने देणाऱ्यांच्या आवारात अर्धा तास शिकून घेतो, म्हणाला. चेंगी विमानतळावर सोडायला अंजली गेली नाही. मात्र नागसेनच्या बॅगेत तिने एक कागद ठेवला: रोडहाऊसचा नंबर, टायरची हवा किती कमी करायची, दर पन्नास किलोमीटरला उतरून चाकांचे नट तपासायचे. आणि खाली एक ओळ, पाऊस झाला तर परत फिर.

रंग बघायचं तिने सोडलं नाही. पहिले तीन दिवस रस्ता उघडा होता. चौथ्या दिवशी सकाळी बस पुलावरून बेटाकडे जात असताना तिने पान उघडलं तर त्या तुकड्यापुढे लाल पट्टी होती. बंद. सर्व वाहनांना. तिने नागसेनला मेसेज टाकला. तो पोहोचल्याची खूण उमटली नाही. गेटवर फोन जमा करायच्या आधी, रांगेत मागच्यांची बोलणी खात, तिने रोडहाऊसला फोन लावला.

"पांढरी गाडी, कॅराव्हॅन, तिघं इंडियन?" म्हातारी म्हणाली. "तासाभरापूर्वी निघाले. मी सांगितलं, जाऊ नका. मिशीवाला माझ्यावर ओरडला. दुसरा बिल देत होता, तो गप्प होता."

अंजलीने तिला पोलिसांना कळवायला सांगितलं. म्हातारी म्हणाली, कळवलंय, पण माती सुकेपर्यंत तिकडे कुणी उतरू शकत नाही.

त्या दिवशी तिने नऊ परवाने तपासले आणि चार नाकारले. एक सुपरवायझर तोंडाला येईल ते बोलला. तिने ते ऐकलंसुद्धा नाही. त्या आणि दुसऱ्या दिवशी ती दर सुट्टीत गेटवर येऊन फोन बघत राहिली. चैत्रालीला तिने सांगितलं, बाबाला रेंज नाही. ते खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नागसेनचा फोन आला. आवाज घोगरा होता. चाळीस किलोमीटरवर कॅराव्हॅन घसरून खड्ड्यात गेली, तिने गाडीलाही आडवं ओढलं. आस तुटला. दोन रात्री तिघं गाडीत बसून होते. पाणी होतं, खायला बिस्किटं. स्मिताचं मनगट मोडलं होतं. रस्ता सपाट करणाऱ्या मोठ्या यंत्रावरचा माणूस येऊन त्यांना घेऊन गेला.

"तू बरा आहेस?" तिने विचारलं.

"बरा आहे."

"मग बाकीचं आल्यावर बोलू."

चेंगीवर ती या वेळी गेली. श्रीनिवास बाहेर आला तो तिला बघताच थेट तिच्यापाशी आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. माफीचा शब्द निघेल असं तिला एक क्षण वाटलं.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून वाईटच चिंतत होतात. त्या म्हातारीलाही आधीच भरवून ठेवलं होतंत. आणि तुम्ही ओढली असती तर हे झालंच नसतं!"

"मी ओढली असती तर डांबरी रस्त्याने," अंजली म्हणाली. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. "आणि परत माझ्याशी या आवाजात बोलू नका."

स्मिता प्लास्टरातला हात छातीशी धरून लांब उभी होती. तिने अंजलीकडे पाहिलं, पण ती पुढे आली नाही.

टॅक्सीत नागसेनने सगळं सांगितलं. रस्त्याच्या तोंडाशी बंदचा फलक होता आणि लोखंडी आडकाठी. श्रीनिवासने उतरून ती बाजूला केली. "मी गाडीतच बसून होतो," नागसेन म्हणाला. "काय बोलणार?" निदान त्याने आडकाठीला हात तरी लावला नाही, एवढं अंजलीने स्वतःला सांगितलं, आणि तेवढ्यावर घर पुढे चालू झालं.

जुलैत एका शनिवारी सकाळी स्मिता एकटीच बुकित बातोकला आली. श्रीनिवासला न सांगता आली होती. बसायला सांगितलं तरी ती दारातच उभी राहिली.

"सॉरी म्हणायला आले नाही," ती म्हणाली. "तो म्हणणार नाही, आणि त्याच्या वतीने मी म्हणून उपयोग नाही. पण ऑफिसमध्ये तो सांगत फिरतोय की नागसेननेच घाई केली. ते खोटं आहे. कुणी विचारलं तर मी तसं सांगेन." मग म्हणाली, "नागसेनने फक्त आडकाठी उचलायला हात लावला. दोन माणसांशिवाय ती हलत नव्हती."

अंजलीने दाराची कड घट्ट धरली. "दोन माणसांशिवाय?"

"हो. श्रीनिवासने आधी एकट्याने बघितलं, नाही जमलं. मी म्हटलं, बरं झालं, चला परत. मग त्याने नागसेनला हाक मारली." स्मिताला तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी समजलं. "तुला माहीत नव्हतं?"

स्मिता गेल्यावर अंजली आत आली. नागसेन इस्त्री करत होता.

"आडकाठी तू उचललीस," ती म्हणाली.

त्याने इस्त्री उभी केली. नाकारायचा विचार त्याच्या तोंडावर येऊन गेला, तिने तो स्पष्ट पाहिला. "एक टोक धरलं," तो म्हणाला.

"रोडहाऊसवर फोन होता. माझा नंबर होता. मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"मग त्याला काय सांगणार होतो मी? बायको नको म्हणते?"

"मी नको म्हणतो, असं सांगता आलं असतं," अंजली म्हणाली. "आपल्या घरी येऊन तो जे बोलला, त्या दिवशीच सांगता आलं असतं."

नागसेनने शर्टाची बाही पुन्हा पसरली, आणि मग इस्त्री न फिरवता तशीच सोडली. तो म्हणाला, "सोमवारी मी दुसरीकडे अर्ज करतो. पासचं जे होईल ते होईल."

"कर," ती म्हणाली. "पण ते माझ्यासाठी केलंस असं चैत्रालीला सांगू नकोस."

चैत्रालीचा पोहण्याचा तास सुटायची वेळ झाली होती. अंजलीने चपला घातल्या आणि ती एकटीच खाली उतरली.