बासूच्या घरची फळी

बासू सुतारासारखा डोकं खाणारा माणूस आमच्या देवदाराच्या डोंगरात दुसरा सापडणार नाही. मी त्याचा शेजारी, खेचरवाला अद्दी, त्यामुळे ते खाणं रोजचं. कुणाकडे चहाला गेला तरी आधी टेबल हलवून बघणार, मग म्हणणार, "एक पाय आखूड आहे याचा." अरे, चहा पी ना बाबा!

पण त्या पुलाच्या बाबतीत त्याचं चुकत नव्हतं. जंगलाकडे जाणाऱ्या पुलाच्या तुळया धड होत्या, वरच्या फळ्या मात्र कुजल्या होत्या. मागच्या हिवाळ्यात त्याची बायको तूदा त्यातूनच मांडीपर्यंत खाली गेली. पाय मोडला, आणि जुळला तो वाकडाच. तिची म्हातारी आई पलीकडे, जंगलाजवळच्या चढावर, धाकट्या बहिणीकडे अंथरुणाला खिळलेली. पुलावर पाय ठेवायची कुणाची छाती नव्हती. बाजाराच्या दिवशी बहीण हद्दा त्या काठाला यायची आणि तूदा या काठावरून ओरडायची, "आई कशी आहे?" पाण्याच्या आवाजात उत्तर अर्धं बुडायचं. बर्फ पडायच्या आत तिला खेचरावर बसवून आईकडे पोचवायचं, एवढंच बासूने डोक्यात घेतलं होतं.

गावाने त्वीझा ठरवली. म्हणजे मजुरी कुणाला नाही, घरटी एक माणूस, आणि दुपारी सगळ्यांचं एकत्र कुसकुसचं जेवण. पाणी आणायच्या पाटाचा जसा घरटी एकेक तुकडा, तशी पुलाची घरटी एकेक फळी. ज्याची फळी, तिला हात त्यानेच लावायचा.

"सगळ्या फळ्या मला कापू द्या," बासू बैठकीत म्हणाला. "एका जाडीच्या होतील."

"आणि आम्ही काय माश्या मारायच्या?" गावचा पुढारी मोहा हसला. "तू जाडी सांग, दादा. आणतो आम्ही."

"तीन बोटं. ऐकलंत? जास्त नको, कमी नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

कामाच्या दिवशी एकूण एक फळी चार बोटांची! आपल्या घरची फळी शेजाऱ्यापेक्षा पातळ निघाली तर तोंड कुठे लपवायचं, म्हणून प्रत्येकाने गुपचूप एक बोट वाढवलं होतं. तीन बोटांची फळी एकट्या बासूची. रंधा मारून गुळगुळीत केलेली, आणि पुलाच्या अगदी मध्ये.

"सांगितलं काय होतं तुम्हाला!" बासू किंचाळला.

"जास्तच दिलंय की! कमी दिलं असतं तर बोलायचंस," मोहा म्हणाला. "बघा रे, सुताराच्या घरची फळीच सगळ्यात पातळ!"

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

खिळे ठोकून झाल्यावर मी तूदाला खेचरावर बसवून पुलावर नेलं. बासूच्या फळीपाशी खेचराने खाली मान घातली, हुंगलं आणि पाय रोवले. शेजारच्यांपेक्षा खाली बसलेली फळी म्हणजे कुजकी, हे त्याने जुन्या पुलावर शिकून ठेवलं होतं. चुचकारलं, शिव्या दिल्या, शेपटी पिळली. हलेना. शेवटी उलट्या पावलांनी मागे आणलं. तूदा मान वळवून पलीकडच्या चढाकडेच बघत होती, आणि तेच बासूला झोंबलं.

"फळीखाली लाकडाच्या चिपा सार," मी म्हटलं. "चहा निवायच्या आत काम होईल."

"चिपा? म्हणजे उद्या पोरंटोरं म्हणणार, बासूच्या घराने चिपांवर भागवलं!"

घ्या! ज्या खोट्या ऐटीपायी तो सकाळपासून गावाला शिव्या घालत होता, तीच आता याच्या अंगात शिरली होती. तणतणत घरी गेला आणि आला तो खांद्यावर दार घेऊन. बापाने केलेलं, चार बोटं जाड, दोन रुंद देवदारी फळ्यांचं. त्याने दाराच्या पट्ट्या उचकटल्या, एक फळी कापून पुलावर आपल्या पातळ फळीच्या जागी ठोकली आणि ओरडला, "आता मोजा म्हणावं!"

खेचर सरळ चालत गेलं. पलीकडे पोचल्यावर तूदाने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. ती रडत होती. बासूचे डोळेही भरले. तेवढ्यापुरतं मी त्याला माफ केलं.

चार दिवसांनी मी तिला आणायला गेलो. ती आईला बार्लीची पेज भरवत होती.

"घराला दार आहे का, अद्दीभाऊ?"

"अर्धं आहे, वहिनी."

"मग सांगा त्यांना, उरलेलं अर्धं लागलं की येते. तोवर मी आईपाशी बरी."

आता दारासाठी नवं देवदार तोडायची सरकारी परवानगी मिळणार थेट वसंतात. पुलावरून गावातलं प्रत्येक खेचर डोळे मिटून जातं. बासूला मात्र पलीकडे जाता येत नाही. उघडं घर आणि शेळ्या कुणाच्या भरवशावर टाकायच्या? बाजाराच्या दिवशी तो एक डोळा घराकडे ठेवून काठावर येतो. हद्दाला पूल ओलांडून यायला काय धाड भरली आहे? पण ती मुद्दाम तिकडेच उभी राहते.

"तूदा कधी येणार?" बासू ओरडतो.

"दार झालं की!"

पाण्याचा आवाज तेवढाच आहे. पण हे उत्तर त्याला पहिल्या हाकेला पुरतं ऐकू येतं.