जावईबापूंची रजा

तिकीट तपासनीस निवृत्त झाले, त्यांचा संशय मात्र नोकरीतच राहिला. रेल्वेत जन्मभर फुकट्यांना पकडलेला माणूस तो. भाजी घेतानाही आधी भाजीवाल्याचा चेहरा तपासायचा, मग भाजी.

लेकीकडे परदेशात आल्यापासून त्यांनी जावयाच्या मागे टुमणं लावलं होतं, "तुमचं ऑफिस एकदा दाखवा की." शेवटी बुधवारी, लेक कामावर गेल्यावर, जावई म्हणाला, "आज रजा टाकलीय, त्यापेक्षा राष्ट्रीय इतिहास संग्रहालय बघू." तपासनिसांच्या मनात पाल चुकचुकली.

तिथं एका तलवारीपुढे ते थबकले. "शेकडो वर्षांची म्हणे! आणि गंजाचा ठिपका नाही? दूधखुळे समजतात का आपल्याला?"

पण त्यांचा खरा डोळा जावयावर होता. इतक्या अवाढव्य इमारतीत पठ्ठ्या कुणाला काही न विचारता घरातल्यासारखा वावरत होता. नकाशांच्या दालनात तर रखवालदार बाईंनी त्याला बघताच बाकावरची आपली पिशवी उचलून जागा करून दिली. हळूच काही विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली, तशी बाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. भाषा कळली नाही, तरी थोपटणं कळलं. बाई दिसायला बऱ्यापैकी होत्या. लेकीचा संसार बुडाला, असं तपासनिसांनी ठरवूनच टाकलं.

"जावईबापू, हे काय प्रकरण आहे? आणि थापा नकोत. थापा ऐकण्यातच हयात गेलीय माझी."

जावई बाकावर टेकला. "बाबा, माझी नोकरी गेली. इथं तिकीट लागत नाही, ऊब असते. दिवसभर बसून अर्ज करतो. कालच्या मुलाखतीचं काय झालं, ते विचारत होत्या त्या."

"आणि माझ्या पोरीला अंधारात ठेवलंत?"

"तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. डबा तीच भरून देते."

"मग रोज सकाळी टाय बांधून निघायचं हे सोंग कुणासाठी?"

जावई बुटांकडे बघत म्हणाला, "तुमच्यासाठी. ती म्हणाली, बाबांना कळलं तर ते आधी तुझीच काहीतरी लबाडी शोधतील."

तपासनीस चिडले. पण आल्यापासून ते तेच तर करत होते. लेकीनं बापाला बरोबर ओळखलं होतं, आणि त्याचंच त्यांना फार वाईट वाटलं.