चपला काढण्याजोगं घर

हिंगोली जिल्ह्यात दुसऱ्याच्या देवघरापर्यंत चपला घालून जाण्याचा हक्क एकाच माणसाला होता: माझ्या बायकोच्या मामांना. मामा लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते. नात्यात कोणी नवं घर विकत घेतलं की भटजींच्या आधी मामांना बोलावणं जाई. खिशात पेनाच्या जागी टेस्टर आणि पिशवीत होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब. त्याला ते ‘साक्षीदार’ म्हणत. पायात रबरी चपला. घराचं अर्थिंग पास होईपर्यंत त्या निघत नसत. सेनगावला एका घरच्या बाईंनी देवघराशी तोंड वाकडं केलं, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, “बाई, देवाला शॉक बसत न्हाई. मला बसते.”

बैठकीची खोली ते बघतच नसत. “तिथं समदेच चांगलं करतेत. न्हाणीतलं बटन दाखवा.” बोर्डाला नाक लावून ते वास घेत, झाकण उघडून जोड ओढून बघत आणि वायरमनचं नाव न विचारता त्याचा स्वभाव सांगत. घाईचा होता, कंजूष होता, नवीन लग्न झालेला होता. ते भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे मामा पोचले की वीज हमखास गेलेली असे. मग चपलांसकट बाजेवर पाय सोडून ते चार-चार तास साक्षीदाराला मांडीवर घेऊन बसत. तपासणी अर्ध्या तासाची, मुक्काम दिवसभराचा. तेवढ्यात एखाद्या पोरीचं लग्नही जुळवून टाकत.

बायकोचे वडील लवकर गेले. तिचं कन्यादान मामांनी केलं. म्हणून आम्ही हिंगोलीत घर घेतलं तेव्हा तिची एकच इच्छा होती: मामांनी आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवावं. मामा आले. त्यांनी साक्षीदाराची एक वायर प्लगच्या चालू भोकात धरली, दुसरी अर्थिंगच्या. अर्थिंग धड असतं तर बल्ब लागला असता. तो लागला नाही. त्यांनी बोर्ड खोलून हिरवी वायर ओढली. ती वीतभर निघाली आणि संपली.

“जावईबापू, ही कुठं जाऊन राहिली?”

“जमिनीत.”

“न्हाई. ही भिताडातच मेली.”

वास्तुशांतीला ते ओसरीवर, चपला घालून, खुर्चीत जेवले. बायको म्हणाली, “मामा, आजच्या दिवस काढा ना.”

“काढतो ना पोरी. तुज्या घराचे पाय आधी जमिनीला लागू दे.”

महिन्याभरात अर्थिंगचा खड्डा खणतो, असं मी सांगितलं. त्याला दोन वर्षं लागली. कारणं आज आठवत नाहीत, म्हणजे ती महत्त्वाची नसावीत. मामा येत, ओसरीवर बसत आणि एकच शब्द विचारत, “खड्डा?” मी म्हणे, पुढच्या आठवड्यात. “तुमच्या पेपरात छापा,” मी बातमीदार म्हणून ते म्हणत, “तवा तरी खरं व्हईल.” बायको ताट बाहेर आणून देई.

शेवटी एका श्रावणात खड्डा झाला. कोळसा, मीठ, पत्रा, सगळं नियमानुसार. वायरमनचा बल्ब भक्क लागला. मी मामांना फोन केला, “पास झालं. जेवायलाच या.”

“पावसाळ्यात समद्यांचंच पास व्हते, जावईबापू. वल्ली जमीन खोटं बोलते. उन्हाळ्यात येतो, भुई तडकली की.”

बायकोनं फोन हिसकावला. “काहून असं करता मामा?”

“लेकरा, खोट्या निकालावर जेवू व्हय?”

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी मामा गेले.

मे महिन्यात मामींनी ती पिशवी आमच्याकडे पाठवली. अंगणातली जमीन तडकली होती. मी साक्षीदार घेऊन प्लगपाशी गेलो, तर वीज नव्हती. ओसरीवर मामांच्या खुर्चीत बसून राहिलो. तीन तासांनी वीज आली. मी वायरी धरल्या. बल्ब पूर्ण तेजानं लागला, जरासुद्धा थरथरला नाही.

बायको दारात उभी होती. तिनं बल्बकडे पाहिलं नाही. उंबऱ्याबाहेरच्या मोकळ्या फरशीकडे बघत ती म्हणाली, “आज काढल्या असत्या त्यांनी.”