जमनाचं स्टूल

पलूसच्या पुढं आमचं गाव. चौकात सिमेंटचं गोल स्टूल नुकतंच ओतून वाळलं होतं आणि त्यावर रंगुबाई बसली होती. सकाळपासून. मांडीवर काठी, शेजारी पानाची चंची.

"आत्ती, उठा. गवंडी खोळंबलाय," सरपंच मानसिंग म्हणाला.

"खोळंबू दे."

"आवं, यावर तुमच्याच जमना हत्तिणीचा पुतळा उभा करायचाय. मागच्या दोन पायांवर, सोंडेत घंटा. सर्कशीच्या पोस्टरवर हुती तशी हुबेहूब."

"म्हणून तर बसलीया."

रंगुबाई आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. दुष्काळात कळप विकला तेव्हा बाप तिला घेऊन सर्कशीत शिरला, हत्तींचा चारा कापायला. बाप गेला, ती राहिली. जमना हत्तीण माहुताचं ऐकायची ती अंकुशाला भिऊन. रंगुबाई मात्र मेंढरांना बोलवावं तशी जीभ टाळ्याला लावून टकटक करायची, आणि जमना मान हलवत मागं यायची. शेवटी हत्तीण तिच्याच ताब्यात आली. जमना स्टुलावर चढून घंटा वाजवायची, त्या एका खेळासाठी महाबळेश्वरची माणसं टॅक्सी करून घाट उतरायची.

खेळ संपला की जमना मागचा उजवा पाय उचलून धरायची. रंगुबाई तो गरम पाण्यानं शेकायची. पोस्टरवर ते नसायचं.

मग सांगलीच्या मुक्कामात बेंदूर आला, बैलांचा सण. पावसानं उघडीप दिलेली, शिवारातली कामं बंद, तंबू गच्च भरलेला. मॅनेजर जयराज मागच्या हत्तीच्या राहुटीत डोकावला तर जमना गेरूनं रंगवलेली, पाठीवर झूल, तोंडात पुरणपोळी.

"रंगे, हे काय? आता स्टुलाचा खेळ हाय."

"आज बेंदूर हाय सायेब. आज मानंवर जू न्हाई."

"जू बैलाला असतं. ही हत्तीण हाय."

"राबतीया न्हवं? मग बैलच."

"उद्यापास्नं कामावर येऊ नको."

"न्हाई येत. आज तुमी चढवून दाखवा तिला."

जयराज दारातून बाजूला झाला. रंगुबाई जमनाला घेऊन रिंगणात आली. बँड सुरू झाला, तिनं हात वर करून थांबवला.

"मंडळी, तुमच्या दावणीचं बैल आज निवांत हायती. ही बी वरीसभर राबलीया. आज ती कायबी करणार न्हाई. बघा आन् हात जोडा."

मागून एकजण म्हणाला, "आमी काय हत्ती चरताना बघायला आलोय व्हय?"

पुढच्या बाकावरची एक बाई मागं वळली. "गप रं. सकाळी सोताच्या बैलाला ओवाळलंस आन् हितं हिला नाचवतोस?"

तंबू हसला. ती बाई कठडा ओलांडून आत गेली, जमनाच्या पायावर हळदकुंकू वाहिलं. मग दुसरी गेली, मग रांगच लागली. जयराजनं रंगुबाईला काढलं नाही. पुढं दर बेंदराला स्टूल तंबूबाहेरच राहिलं.

ती बाई म्हणजे बयाबाई, मानसिंगची आई. सर्कशीत हत्तींना बंदी आली, जमनाला हत्तींच्या लांबच्या आसऱ्याला नेलं, तिथंच ती गेली. तेव्हा रंगुबाईला गोठ्याशेजारची खोली बयाबाईनंच दिली.

"तुझ्या आईनं हिचं पाय पुजलं," रंगुबाई आता म्हणाली, "तवा जमना भुईवर उभी हुती."

मानसिंगनं डोकं खाजवलं. "पण आत्ती, नुसता उभा हत्ती कुठल्याबी देवळाम्होरं असतो. फोटो कोण काढंल?"

"नको काढू दे."

"आन् ह्या स्टुलाचं काय करू?"

"बसायची वस्तू हाय. बसलीया न्हवं मी?"

दुसऱ्या दिवशीही ती तिथंच. सयाजी गवंड्यानं तिला चहा दिला आणि सरपंचाला म्हणाला, "चार पायावर करू या. दोन पायाची वाऱ्यानं पडली तर तुमी मलाच धरणार."

"करा गड्या काय करायचं ते," मानसिंग म्हणाला.

तेव्हा कुठं रंगुबाई उठली, ती सयाजीच्या शेजारी जाऊन उभी राहायला. "चार न्हाई, तीन. मागचा उजवा वाईच उचललेला ठेव. कुणी इचारलं का, तर मी हाय सांगायला."

आता जमना तशीच भुईवर उभी आहे, आणि लोक विचारतातच. एसटीची वाट बघणारे बाजूच्या स्टुलावर बसतात. एखादं पोर त्यावर चढून हात वर करून उभं राहिलं, की रंगुबाई काठी आपटते.

"उतर खाली. कुणी सांगितलंय तुला?"