भिंतीचा फोटो दोन्ही बाजूंनी

झेरॉक्सच्या दुकानात वाया गेलेले कागद लई साठतात. कुणाचा सातबारा अर्धाच निघालेला, कुणाचं रेशनकार्ड वाकडं आलेलं. मी ते टाकून देत नाही, कोऱ्या बाजूवर लिहिते. किस्सेही तसेच साठतात. माणूस येतं, काहीतरी बोलून जातं, अन् ते बोलणं माझ्याजवळच राहतं. आता दोन्हींचा ढीग इतका झालाय की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, परवा म्हणाल्या, "कागद तरी काढून टाक, न्हाईतर बडबड तरी थांबव!"

कागद काढलेत. बडबड इथं लिहून ठेवते.

मुखेडला नगरपरिषदेच्या समोर बाळूभाऊंचं झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. मी तिथं कामाला. शिक्षण सातवी, पण अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मीच लिहिते. दीड वर्षाची आर्वी सोबत असते. बाळूभाऊ गिऱ्हाइकांना सांगतात, "दुकानात दोन बायका हायत. एक अर्ज लिहिते, एक फाडते!"

* * *

घरदुरुस्तीचे नियम सोपे झाले, तेव्हाची गोष्ट. आधी साधी भिंत नीट करायची तरी नकाशा, मंजुरी अन् चकरा. आता छोट्या दुरुस्तीला मालकानं स्वतः लिहून द्यायचं, इंजिनियरचा शिक्का घ्यायचा, फोटो जोडायचे अन् ऑनलाईन पाठवायचं. बस!

पहिलेच आले केरबा मामा, शिक्का अन् फोटो घेऊनच. बाळूभाऊंनी बसल्या बैठकीत त्यांचा फॉर्म भरून पाठवला अन् पावती हातात दिली. मामा पावती उलटीपालटी करून बघायले.

"झालं?"

"झालं, मामा."

"खिडकीवर जायचं न्हाई?"

"न्हाई."

"साहेब जेवायला गेलेत, असं कुणी म्हणणार न्हाई?"

"न्हाई हो मामा!"

मामा उठेचनात. म्हणाले, "बाळू, बिगर चकरांची मंजुरी पक्की असती का रे? मला तर काही तरी गडबड वाटायली."

बाळूभाऊंनी त्यांच्या हातातून पावती काढून घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली अन् आवाज चढवून म्हणाले, "उद्या या!"

मामाचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी डबा बांधून आले, पावती घेतली अन् समाधानानं घरी गेले.

* * *

फोटो काढायचं काम माझ्याकडं आलं. मालक दारात उभा आहे असा एक, अन् जिथं मोडलंय तिथला जवळून एक. बाळूभाऊंनी दुकानाचा मोबाईल दिला अन् मी आर्वीला कडेवर घेऊन गल्लोगल्ली फिरायले.

पण जीव माझा माझ्याच घरात अडकलेला. आमची मधली भिंत मातीची अन् सामाईक. अलीकडं आम्ही, पलीकडं माझे चुलत सासरे, तात्या. त्या भिंतीला तडा गेलाय, अन् त्याच्या खालीच आर्वीची झोळी. झोळी हलवावी म्हटलं तर घरात दुसरी मजबूत कडी नाही. आधी तड्यात काडीपेटीतली काडी जायची. मग पेन्सिल जायला लागली. दिवाळीला आर्वीचं बोट गेलं. तिनंच घालून दाखवलं, अन् वर हसली! त्याच दिवशी माहूरच्या रेणुकामातेला पाच नारळ बोलले अन् मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन लावला. ते लातूरला फरशीच्या गोदामात असतात, शनिवारी येतात.

म्हणाले, "मिस्त्री ठरवतो. तू तात्याची सही घेऊन ठेव."

तात्याची सही! सामाईक भिंतीला शेजाऱ्याची संमती लागते, अन् फोटो दोन्ही बाजूंनी लागतात. अन् इथं आत्या अन् तात्या, सख्खे भावजय-दीर, माझं लग्न व्हायच्या आधीपासून बोलत नाहीत. आमच्या पत्र्याचं पाणी त्यांच्या अंगणात पडतं, तेवढ्यावरून. बोलायचंच झालं तर तात्या त्यांच्या शेळीशी बोलतात. नळाला पाणी आलं की अंगणातून ओरडतात, "हरणे, पाणी आलं बघ! नंतर म्हणशील, सांगितलं न्हाई!"

आत्या घागर उचलतात अन् आमच्या जास्वंदीला सांगतात, "ऐकलं बाई! बहिरे न्हाई आम्ही!"

* * *

फोटोसाठी मी पहिल्यांदा गेले गंगाबाई मावशींकडं. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत फुगलेली, कधी बसेल नेम नाही. जाऊन बघते तर घराला ताजा चुना, दाराला तोरण, पुढं रांगोळी! मावशी लग्नातलं इरकल नेसून दारात उभ्या.

म्हटलं, "मावशी, मोडलेलं कुठाय?"

"आत हाय. त्याच्यावर चादर टाकली."

"अगं, त्याचाच तर फोटो पायजे!"

"येडी का खुळी तू? फोटो काढायला आलीस अन् मोडकं दाखवू व्हय? हाफिसातली माणसं काय म्हणतेल?"

चादर काही काढू दिली नाही. चहा पाजला, आर्वीच्या हातात लाडू दिला, अन् मी बावळटासारखी चादरीचा फोटो घेऊन आले. चार दिवसांत अर्ज परत! शेरा होता, 'दुरुस्ती कशाची?'

बाळूभाऊंनी कपाळाला हात लावला. "वैनी, तुम्हाला घर मोडलेलं दाखवायला पाठवलं होतं. स्थळ दाखवायला न्हाई!"

* * *

ही गोष्ट गावभर झाली. मग लोक शहाणे झाले. इतके शहाणे, की विचारू नका.

एक रिटायर गुरुजी आहेत. त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीचा फक्त कोपरा ढासळला होता. मी दुसऱ्या दिवशी फोटोला येणार म्हटल्यावर गुरुजींनी विचार केला, कोपरा फोटोत नीट दिसायचा नाही. म्हणून सकाळी सब्बल घेऊन थोडी अजून पाडावी म्हणाले.

मी गेले तर गुरुजी रस्त्यावर खुर्ची टाकून बसलेले. डोक्यापासून पायापर्यंत धूळ. कंपाउंडला भिंतच नाही! गुरुजींच्या घरच्या बाई पदराआडून हसायल्या.

"गुरुजी, काय झालं हो?"

"एवढंच पाडायचं होतं गं," त्यांनी बोटानं वीतभर दाखवलं. "पण बाकीची तिच्याच आधारावर उभी होती."

मी मोबाईल काढला तशी बाई म्हणाल्या, "आता कशाचा फोटो काढतीस? ह्यांचाच काढ! दुरुस्ती ह्यांचीच करायची हाय!"

* * *

भीमनगरात सुलोचनाबाईंचं घर. बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांना वर जायचा जिना नीट करायचा होता. मी पोचले तेव्हा त्यांचे मालक कडक इस्त्रीचा सदरा घालून, छाती काढून दारात उभे. बाई आत भाकरी करायल्या.

मी कागद बघितला अन् म्हटलं, "काका, जरा बाजूला व्हा. बाईंना बोलवा."

"ती कशाला? मालकाचा फोटो लागतो ना?"

"हाव. घर बाईंच्या नावावर हाय."

आतून बाईंचा आवाज आला, "तीस वर्षांत मी एकदा तरी बोलून दाखवलं का? आज कागदानंच दाखवलं!"

पिठाच्या हातानंच बाहेर आल्या, दारात उभ्या राहिल्या. फोटो झाला. काका संध्याकाळी दुकानात आले, बाळूभाऊंना हळूच विचारायले, "मग ह्या फॉर्मात माझं कुठंच काही न्हाई?"

"हाय की काका. खाली साक्षीदाराची जागा रिकामी हाय!"

काकांनी खिशातून शाईचा पेन काढला अन् अशी झोकात सही केली, की मालकिणीची फिकी पडावी.

* * *

मी प्रत्येक घरात पहिलं एकच विचारते, "तडा केवढा? काडी जाते का पेन्सिल?" बाळूभाऊ हसतात. म्हणतात, "इंजिनियरपेक्षा वैनीचं माप पक्कं!" हसू द्या. ज्याचं लेकरू भिंतीखाली निजतं त्याला माप येतंच.

एक मात्र झालं. संक्रांतीनंतर आमचा तडा वाढायचा थांबला. मी त्याच्या टोकाशी खूण करून ठेवली होती, रोज उठून बघायचे. खुणेच्या पुढं सुताएवढाही गेला नाही. म्हटलं, रेणुकामाता पावली! पाचाचे अकरा नारळ केले. तरी रोज बघायचं काही सुटलं नाही.

* * *

हदगावकडून इथं येऊन राहिलेले एक माधवराव आहेत. त्यांना न्हाणीघर नीट करायचं होतं. 'मालकाने स्वतः खरे लिहून द्यावे' हे वाक्य त्यांच्या फार मनाला लागलं. म्हणाले, "आजपर्यंत मला कुणी लिही म्हणलं न्हाई. मी घरीच लिहून आणतो."

दोन दिवसांनी आणलं. तीन पानं! बाळूभाऊ मोठ्यानं वाचायले. 'मी लिहून देतो की आमचे न्हाणीघर बोळीत हातभर पुढे आलेले आहे. ते वडिलांनी बांधले, पण मला लहानपणापासून माहीत आहे. तसेच शेजाऱ्याच्या विटा दोन वेळा न विचारता घेतल्या आहेत. तसेच...'

"माधवराव, थांबा! थांबा!" बाळूभाऊ ओरडले. "फक्त दुरुस्तीचं लिहायचं हाय, जन्माचं न्हाई!"

"मग खरं लिहा असं कामून म्हणतेत?"

मी नवीन अर्ज लिहून द्यायला बसले. पण माधवरावांनी माझा हात धरला. म्हणाले, "राहू दे पोरी. एकदा लिहून झालं, आता मलाच झोप येणार न्हाई."

आठ दिवसांनी मी फोटोला गेले, तर न्हाणीघर हातभर आत घेतलेलं, बोळ मोकळी, अन् शेजाऱ्याच्या दारात विटांची थप्पी! शेजारी मला विचारतोय, "बाई, ह्या विटा कशाच्या हो?"

* * *

शेवटी आमचा फॉर्म. सगळं भरून झालं होतं. फक्त तात्यांची सही अन् पलीकडचा फोटो. आमचे मालक म्हणाले, मिस्त्री पुढच्या आठवड्यात मोकळा आहे, नंतर नाही. आत्या म्हणाल्या, "मी त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाई, अन् तूही ठेवायचा न्हाई!"

मी दुकानात रडायलाच आले. बाळूभाऊ म्हणाले, "वैनी, तुम्ही सून म्हणून जाऊच नका. दुकानातून आले म्हणा!"

मी मोबाईल घेतला, फॉर्म घेतला, आर्वीला कडेवर घेतलं अन् गल्लीला वळसा घालून, परक्या बाईसारखी, तात्यांच्या पुढच्या दारात उभी राहिले.

"दुकानातून आले. भिंतीचा फोटो काढायचाय."

तात्या बाजेवर बसून शेळीला पाला टाकायले होते. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "हरणे, दुकानातली बाई आली. आत जाऊ दे."

आर्वी कडेवरून सुटली अन् शेळीकडं पळाली. मी आतल्या खोलीत गेले. खोलीला दार नव्हतं, रिकामी चौकट. दाराची फळी आत आमच्या भिंतीला आडवी टेकवलेली होती. तिला दोन जाड लाकडी बल्ल्यांचा टेकू, अन् बल्ल्या सरकू नयेत म्हणून बुडाशी मातीची पोती. बाकी सगळी भिंत तशीच उघडी. टेकू फक्त एकाच जागी, डाव्या कोपऱ्यात, कमरेएवढ्या उंचीवर. आमच्या बाजूनं त्याच जागी झोळी आहे.

मी आतूनच विचारलं, "हे कधी लावलं?"

बाहेरून आवाज आला, "हरणे, संक्रांत होती का गं?"

मी बाहेर आले. फॉर्म पुढं केला. तात्यांनी चष्मा लावला, 'संमती' जिथं लिहिलंय तिथं बोट ठेवून सावकाश सही केली अन् कागद माझ्याकडं न देता आर्वीच्या हातात दिला. ती फाडणार तेवढ्यात मी ओढून घेतला.

मग ते तिच्याकडं वाकले अन् म्हणाले,

"आर्वे, तुझ्या आईला सांग, टेकू काढल्याबिगर फोटो घेऊ नको म्हणावं. भिंत धड दिसली तर दुरुस्ती कशाची, म्हणून इचारतेल ते!"