डिस्कमागची माती

गाडी शिकून मला फार दिवस झाले नव्हते. सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी नांदेडला घेऊन निघाले होते. आखाडा बाळापूर मागे पडलं, पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला आणि मी ब्रेक दाबला. तशी स्टेअरिंगला अशी थरथर सुटली की माझे दोन्ही हात कोपरापर्यंत हलू लागले.

"काहून थरथरून राहिलीस? भ्याली का?" सासूबाईंनी विचारलं.

"मी न्हाई आत्याबाई, गाडी थरथरतीय."

ब्रेक सोडला की स्टेअरिंग शांत, दाबला की पुन्हा तेच. वारंगा फाट्यापर्यंत जीव मुठीत धरून हळूहळू आले आणि तिथल्या गॅरेजसमोर गाडी उभी केली. मला वाटत होतं, चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल.

तक्रार ऐकून गॅरेजच्या मिस्त्रींनी आधी विचारलं, "ब्रेक न दाबता जोरात चालवली तर हालती का?"

"न्हाई."

"मग चाक न्हाई. हादरा हातात येतो का सीटखाली?"

"हातात."

"म्हंजे पुढचे ब्रेक."

त्यांनी पुढचं चाक काढलं. आत ब्रेकची लोखंडी डिस्क होती, ताटाएवढी, घासून चकचकीत झालेली. मला तर ती अगदी सरळ दिसत होती. मिस्त्रींनी घड्याळासारखं एक माप आणून त्याचं टोक डिस्कला टेकवलं आणि हाताने डिस्क फिरवली. काटा एका बाजूला सरकला, परत आला. प्रत्येक फेरीत तसंच. मी डोळे बारीक करून डिस्ककडे पाहिलं, मला काहीच हललेलं दिसेना.

"केसापेक्षा कमी फरक हाय," मिस्त्री म्हणाले.

मग डिस्क काढून त्यांनी ती ज्यावर बसते तो हब तपासला. काटा जागचा हलला नाही. त्यांनी डिस्क उलटी केली. तिच्या पाठीवर, हबला टेकते तिथे, वाळून घट्ट झालेली काळी माती चिकटली होती. नखाने खरवडावी इतकीच. मागे बेअरिंग बदललं तेव्हा आमच्या अंगणातच चाकं उघडली होती. तेव्हाच ती आत गेली असावी. डिस्क किंचित तिरकी बसली, फिरता फिरता एका अंगाने झिजली आणि ब्रेक दाबला की तीच झीज हातात येऊ लागली.

सासूबाई गाडीतून उतरून जवळ आल्या. त्यांनी ती माती बोटावर घेतली, चुरडली.

"एवढ्याशा मातीनं एवढी मोठी गाडी हालविली?"

"व्हय आजी," मिस्त्री म्हणाले, "मला बी दरवेळी नवलच वाटतं."

तारेच्या ब्रशने त्यांनी हब आणि डिस्कची पाठ घासली. शेजारच्या लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, डिस्कचा कमीजास्त झिजलेला वरचा थर हलकाच उतरवून घेतला आणि ती पुन्हा बसवली. माप लावलं. यावेळी डिस्क गरगर फिरत होती आणि काटा चित्रातल्यासारखा स्थिर होता. आम्ही तिघं नुसते पाहत राहिलो.

नांदेडच्या रस्त्याला मागेपुढे कोणी नसलेलं पाहून मी जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ उभी राहिली. हातात काहीच आलं नाही, लोखंड आत फिरतंय हेसुद्धा कळलं नाही. सासूबाईंनी आपला तळवा स्टेअरिंगवर ठेवला.

"पुन्हा दाब बरं," त्या म्हणाल्या.